बिनपैशाची चिठ्ठी

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आमच्या तिवस्याच्या विहारात रोज सायंकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. दिवसभर सोयाबीनच्या निंदणाला गेलेल्या आयाबहिणी हातपाय धुऊन, पांढरी साडी नेसून येतात. त्रिशरण-पंचशील होते आणि मग कोणी शिकलेला मुलगा नाहीतर मुलगी वाचायला बसते.

एका सायंकाळी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा भाग निघाला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण पेटले, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, संघाचे बहुमत विरुद्ध गेले तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली, आईवडिलांचा आणि यशोधरेचा निरोप घेतला. इथपर्यंत वाचन आले आणि पुढे बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या एका पोराने मोठ्याने विचारले, "मंग राहुलले कोनं सांगतलं, का तुया बाप कोठी गेला म्हून?"

काही जणी हसल्या. मग एकदम शांतता झाली. त्या पोराचा बाप तीन वर्षांपासून पुण्याला वॉचमन आहे. वर्षातून दोनदा येतो, चार दिवस राहतो. त्या सायंकाळी विहारात बसलेल्या बायांपैकी निदान पाच-सहा जणींच्या घरची हीच गत होती. वाचणारी मुलगी गोंधळली. "पुढं येते ते," म्हणून तिने पान उलटले.

पुढे ते येते, हे खरे आहे. पण त्या लेकराला राहुलपेक्षा स्वतःचेच उत्तर हवे होते, हे आम्हा सगळ्यांना कळले होते. बाप घरात नसतो तेव्हा लेकराच्या मनात काय चालते, आणि तुटलेले नाते पुन्हा कसे जोडता येते, याचा विचार आपल्या घरांनी करायला हवा, असे मला त्या दिवशी तीव्रतेने वाटले.

बाप कुठे कुठे नसतो?

आपल्या समाजात बाप घराबाहेर असणे ही नवी गोष्ट नाही. गावकीची कामे सोडून आपली माणसे गिरणीत, रेल्वेत, गोदीत, पलटणीत गेली, तेव्हापासून आपली घरे आयांनी सांभाळली आहेत. आज आमच्या भागातील माणूस तिवस्याच्या एस.टी. स्टँडवरून अमरावती-बडनेरा गाठतो आणि पुण्या-मुंबईच्या गाडीत बसतो. कोरडवाहू शेतीत वर्षभराची मजुरी निघत नाही. पोटासाठी दूर गेलेला हा पहिला बाप.

दुसरा बाप घरातच असतो, पण नसल्यासारखा. कामावरून येतो, भिंतीला टेकून बसतो, कोणाशी बोलत नाही. नाहीतर वाटेत गुत्त्यावर थांबतो आणि घरी येतो तो दुसराच माणूस होऊन. तिसरा बाप कायमचा गेलेला असतो. कोणी घर टाकून दिलेले असते, कोणी आजाराने गेलेला असतो. आणि कोणी आपल्याच हाताने जीव दिलेला असतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांना विशेष पॅकेज जाहीर करावे लागले, यावरून या दुःखाचा पसारा ध्यानात यावा. त्या पॅकेजात कर्जाचा, सिंचनाचा विचार होता. कोपऱ्यात बसलेल्या लेकराचा विचार कुटुंबालाच करावा लागतो.

या तिन्ही घरांत एक गोष्ट सारखी दिसते. मोठी माणसे लेकराला खरे सांगत नाहीत. आणि न सांगितलेल्या जागेत लेकरू स्वतःच्या मनाने गोष्ट रचते. ती गोष्ट बहुधा अशी असते, की माझेच काही चुकले म्हणून बाबा गेले. नाहीतर, मी त्यांना आवडत नाही.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. माझे बालपण तसेच गेले.

आमच्या घरची गोष्ट

माझे बाबा मुंबईला एका कापडगिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर उभे राहायचे, कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचे. तरी दर महिन्याला मनीऑर्डर यायची. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. पोस्टमन पैसे मोजून मायच्या हाती द्यायचा, आणि तो कागदाचा तुकडा मी तिला वाचून दाखवायचा. "मी खुशाल आहे. पोराला शाळेत पाठवणे. पाऊस झाला का कळवणे." बस, एवढेच. माय तो तुकडा पेटीत ठेवायची.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दोन-तीन मनीऑर्डरी आल्या, त्या कमी पैशांच्या. मग एक पोस्टकार्ड आले. मग काहीच नाही.

पाच वर्षे काही नाही. माय लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. गावात लोक तोंडावर बोलत, "त्यानं तिकडं दुसरी केली असंन." मायने त्यावर कधी हो म्हटले नाही, कधी नाही म्हटले नाही. ती गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या मनाने लावला. मला वाटले, लोक म्हणतात तेच खरे.

१९८७ च्या उन्हाळ्यात बाबा परत आले. अंगाने निम्मे झालेले, सोबत एक पिशवी. दुसरी बायको नव्हती, काही नव्हते. मायने पाणी दिले, भाकर वाढली. कोणी काही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. त्या दिवसापासून मी त्यांना 'बाबा' म्हणून हाक मारणे सोडले. काही सांगायचे तर मायला सांगायचो, "त्यांना सांग." एका खोलीच्या घरात आम्ही बापलेक बारा वर्षे असे राहिलो. माझे लग्न झाले, मला मुलगी झाली, तरी तसेच.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा ती आजोबांच्या मांडीवरून उतरेना. मी आपल्याच घरात परक्यासारखा तिच्याकडे पाहत होतो. एके रात्री, मायसमोर, मी पहिल्यांदा सरळ विचारले, "बाबा, तुमी चिठ्ठी काहून नाई लिवली?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रिकामी चिठ्ठी कशी धाडू रे लेका? पैसे नाई तं काय लिवू? पोस्टमन दारी येईन, तुयी माय हात पुढं करन, आन् हाती निस्ता कागद. मले लाज वाटे."

एवढेच. संपात खोली गेली, ते फूटपाथवर झोपले, हमाली केली, आजारी पडले. गिरणी सुरू झाल्यावर जुन्या बदलीला कोणी विचारले नाही. हे सारे नंतर हळूहळू कळले. पण मुख्य गोष्ट त्या एका वाक्यात होती. माझ्या बापाला वाटत होते की घराला आपल्याकडून फक्त पैसा हवा. पैसा संपला, म्हणजे आपण संपलो. आणि मी पाच वर्षे पोस्टमनच्या सायकलकडे डोळे लावून बसलो होतो, तो पैशासाठी नव्हे. बिनपैशाची चिठ्ठी आली असती तर मी ती उशाशी घेऊन झोपलो असतो.

त्यानंतर बाबा चार वर्षे जगले. त्या चार वर्षांत आम्ही फार काही बोललो असे नाही. पण मी त्यांना हाक मारत होतो.

मसूरच्या स्टेशनावर

बाबांशी बोलणे झाले त्याच सुमारास बाबासाहेबांचा एक लेख माझ्या वाचनात आला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्याचे इंग्रजी नाव. आपल्याला अस्पृश्यतेचे जे चटके बसले ते त्यांनी त्यात सांगितले आहेत. पहिलाच प्रसंग १९०१ सालचा आहे, आणि तो बापाच्या भेटीला निघालेल्या लेकरांचा आहे.

तेव्हा बाबासाहेब अवघे नऊ वर्षांचे. आई भीमाबाई वारलेल्या. वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यातच गोरेगाव येथे कॅशियरच्या नोकरीवर, आणि मुले साताऱ्याला आत्याजवळ. म्हणजे बाबासाहेबही बाप दूर असलेल्या घरातले लेकरू होते. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांनी मुलांना बोलावले. नवे सदरे, नव्या टोप्या, नवे जोडे आले. निघण्याआधी पत्र पाठवा, म्हणजे स्टेशनावर शिपाई पाठवतो, असे वडिलांनी कळवले होते. मुलांनी पत्र पाठवले आणि मोठ्या आनंदाने गाडीत बसली.

मसूर स्टेशनावर गाडी थांबली. उतरणारे सारे निघून गेले. मुले वाट पाहत राहिली. कोणी आले नाही. पुढे काय झाले ते आपल्यातील पुष्कळांना ठाऊक आहे. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि तो मागे सरला. गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. वाटेत कोणी पाणी दिले नाही. सोबत अन्न असून पाण्यावाचून मुले उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या दारी पोचली, तेव्हा वडील चकित झाले. त्यांना पत्र मिळालेच नव्हते. त्यांच्या नोकराकडे ते आले होते, पण त्याने ते त्यांना दिले नव्हते.

हा प्रसंग आपण जातीच्या जुलमाचा म्हणून वाचतो, आणि तो तसाच आहे. पण मी तो वाचला तेव्हा मला त्या न पोचलेल्या पत्राने धरून ठेवले. मसूरच्या फलाटावर, काळोख पडत असताना, त्या लेकरांच्या मनात आपल्या बापाविषयी काय काय आले असेल? आणि तिकडे बाप काहीच ठाऊक नसताना आपल्या कामात बसलेला. गोरेगावला पोचल्यावर एकमेकांना विचारले गेले, चूक कुठे झाली ते कळले, म्हणून मनात अढी राहिली नाही. विचारलेच नसते तर? बाप आपल्याला विसरला, हीच गाठ मनात बसली असती.

याच रामजींनी पुढे परळच्या चाळीतील एका खोलीत मुलाच्या अभ्यासासाठी रात्री दोन वाजता उठून त्याला जागे केले. मुलाला पुस्तक हवे म्हटल्यावर लेकीकडे जाऊन पैसे उसने आणले, दागिना मागून गहाण ठेवला. एकदा स्टेशनावर न आलेला बाप म्हणजे न येणारा बाप नव्हे. पण हे लेकराला कळायला कोणीतरी खरे सांगावे लागते.

यशोधरेने बोट दाखवले

आता विहारातल्या त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. राहुलला कोणी सांगितले?

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात तो प्रसंग दिला आहे. तथागत कपिलवस्तूला परत आले तेव्हा राहुल सात वर्षांचा होता. यशोधरेने त्याला सजवले आणि सांगितले, हे तुझे वडील आहेत, जाऊन त्यांच्याकडे तुझा वारसा माग. तेव्हा राहुल म्हणाला की मी तर शुद्धोदनाशिवाय दुसऱ्या कोणा बापाला ओळखत नाही. किती खरे लेकरू! सात वर्षे ज्याने अंगाखांद्यावर खेळवले तोच बाप. यशोधरेने त्याला उचलून घेतले आणि खिडकीतून बोट दाखवले, ते पाहा, तिथे जेवायला बसलेले ते तुझे वडील.

या बोट दाखवण्यात मला फार मोठा धडा दिसतो. यशोधरेने सात वर्षे दुःख सोसले होते. तथागत आले तेव्हा ती स्वतः बाहेर गेली नाही. माझी काही योग्यता असेल तर ते इथे येतील, म्हणून ती आपल्या दालनात थांबली, आणि तथागत तिच्याकडे गेले. तिने आपला मान सोडला नाही. पण आपल्या दुःखाचा भार तिने लेकराच्या डोक्यावर दिला नाही. बापाविषयी विष कालवले नाही, आणि खोटी थोरवीही सांगितली नाही. हा तुझा बाप, तुझा हक्क तू स्वतः माग, एवढेच सांगितले.

राहुल गेला. बोलला. मागेमागे चालत राहिला, वारसा मागत राहिला, आणि कोणी त्याला हटकले नाही. तथागतांनी त्याला धम्माचा वारसा दिला. पण हा प्रसंग तिथेच संपत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात पुढची हकिकत आहे. राहुलला प्रव्रज्या दिल्याचे कळताच आजोबा शुद्धोदन दुःखी झाले. आधी मुलगा गेला, आता नातू. त्यांनी तथागतांना विनंती केली की इथून पुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ती मान्य केली आणि तसा नियम केला. घरच्या माणसाचे दुखणे ऐकून स्वतः तथागत नियम बदलतात. मग आपल्यासारख्या बापांनी "मी बाप आहे, मला कोण विचारणार?" असे म्हणणे कुठल्या धम्मात बसते?

आणि त्या बापाने मुलाला काय शिकवले? मज्झिमनिकायात राहुलाला केलेला उपदेश आहे. भांड्याच्या तळाशी उरलेले थोडेसे पाणी दाखवून तथागत सांगतात की जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेच थोडके. थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये. आणि आरसा जसा तोंड पाहण्यासाठी, तसे आपले प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे. म्हणजे सात वर्षांनी भेटलेल्या बापाने मुलाला दिलेली मोठी शिदोरी होती सत्याची. नाते जोडायला बसलेल्या कोणत्याही बापाने सुरुवात तिथूनच करावी.

बाबासाहेबांनी दिलेली कबुली

कोणी म्हणेल, बाबासाहेबही तर घरापासून दूर राहिले. होय, राहिले. १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले तेव्हा यशवंत वर्षाचाही नव्हता. १९१७ मध्ये परतले तेव्हा तो चार वर्षांचा झाला होता. १९२० ते १९२३ पुन्हा लंडन. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरे बालपणीच गेली. त्या सगळ्यात माता रमाईने घर सांभाळले.

पण बाबासाहेबांनी ते झाकून ठेवले नाही. १९२८ मध्ये 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले की मी परदेशात असताना प्रपंचाचा भार जिने वाहिला, शेणाचे टोपले डोक्यावर वाहायला जिने मागेपुढे पाहिले नाही, त्या माउलीला मी चोवीस तासांतला अर्धा तासही देऊ शकलो नाही. ज्या काळात पुरुष बायकोचे नाव चारचौघांत घेत नसे, त्या काळातील ही कबुली आहे. आपण ती वाचतो, डोळे पुसतो आणि पान उलटतो. आपल्यापैकी किती पुरुषांनी आपल्या घरात असे एक वाक्य उच्चारले आहे?

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाबासाहेब कोट्यवधींच्या मुक्तीसाठी घरापासून दूर होते. गुत्त्यासाठी, जुगारासाठी किंवा दुसऱ्या घरासाठी लेकरे टाकणाऱ्याने त्यांचे नाव ढालीसारखे पुढे करू नये.

समजून घेणे आणि सोसणे

बापाला समजून घ्या असे मी म्हणतो, त्याचा अर्थ मार सोसा असा नाही. माझ्या बाबांची लाज मला समजली, म्हणून मायचे ते पाच वर्षांचे हाल पुसले गेले नाहीत. आपण का चुकलो हे बापाने सांगावे, आणि चुकलो हेही सांगावे. दोन्ही झाले तरच मन हलके होते.

जिथे मारहाण आहे तिथे आधी आई आणि लेकरे सुरक्षित झाली पाहिजेत, नात्याची गोष्ट नंतर. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. बायकोला, लेकरांना आणि म्हाताऱ्या आईबापांना पोटगी मागण्याचा हक्क आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली आहे. स्त्रियांना, बालकांना आणि अनुसूचित जातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो. हा हक्क मागणाऱ्या बाईला "घर मोडलं" म्हणून नावे ठेवू नका. तीही यशोधरेसारखे लेकराचा वारसाच मागत असते.

ज्या घरचा बाप जीव देऊन गेला, तिथे लेकराला "बाबा बाहेरगावी गेले" असे सांगू नये. शाळेत दुसरे पोर ते एका क्षणात सांगून टाकते, आणि मग बापाबरोबर आईवरचाही विश्वास जातो. त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत खरे सांगावे. बाबांचे मन फार आजारी झाले होते, त्यात तुझा दोष नाही, हे वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे लागले तरी सांगावे. मेलेले लेकरू कडेवर घेऊन आलेल्या किसा गौतमीला तथागतांनी खोटा दिलासा दिला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तिथून मोहरी आण, असे सांगून तिला घरोघर पाठवले. दुःख चार घरांत बोलले की ते पेलते. मन फार खचले तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी फुकट बोलता येते. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आजपासून काय करता येईल?

बापांनो, आता मनीऑर्डरची वाट पाहावी लागत नाही. फोनवरून पैसे क्षणात पोचतात. पण पैशाखाली लिहिलेल्या त्या चार ओळी मात्र गेल्या. पैसे पाठवले की काम झाले असे समजू नका. सिगालोवाद सुत्तात आईबापाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या द्यावी, योग्य ठिकाणी लग्न करून द्यावे आणि वेळेवर वारसा सोपवावा. यातले पहिले एकही काम नुसत्या पैशाने होत नाही. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा. रविवारी सायंकाळी सात, म्हणजे सात. पगार झाला नसेल त्या आठवड्यात तर नक्की फोन करा. "यंदा पैसे नाहीत, पण मी आहे," एवढे म्हणायला शिका. फोनवर "अभ्यास कर" हे एकच वाक्य म्हणू नका. आज काय खाल्ले, कोणाशी खेळला, हे विचारा. आपण काय काम करतो तेही सांगा.

मातांनो, लेकरू विचारील तेव्हा गप्प राहू नका. मायच्या गप्प राहण्याने मी बारा वर्षे गमावली. तिला दोष देत नाही, तिला तरी कोणी काय सांगितले होते? पण माहीत आहे तेवढे सांगावे, माहीत नसेल तर "मलाही माहीत नाही, मीही वाट पाहते," असे सांगावे. लेकराला नवराबायकोच्या भांडणाचा साक्षीदार किंवा निरोप्या करू नये.

मोठ्या झालेल्या मुलामुलींनो, म्हातारा बाप ओसरीवर असेपर्यंत विचारून घ्या. सगळा हिशेब एका बैठकीत मांडू नका. एकच प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. "तुम्ही आमच्यासाठी काय केलं?" असे विचारले तर भांडण होते. "त्या वर्षी तुम्ही कुठं होता?" असे विचारले तर बहुधा गोष्ट निघते. कदाचित उत्तर ऐकून तुम्हाला माफ करावेसे वाटणार नाही. तेही चालेल. पण मनाने रचलेल्या गोष्टीपेक्षा खरी गोष्ट वाहायला हलकी असते.

आणि विहारांनी, पंचांनीही काही करावे. आपण जयंतीचा मंडप घालतो, वर्गणी गोळा करतो. ज्या घरचा पुरुष बाहेर आहे किंवा गेला आहे, त्या घरच्या पोराचा अभ्यास, दाखले, शिष्यवृत्तीचा फॉर्म एका जाणत्या माणसाने वर्षभर पाहावा. शुद्धोदनाने राहुलला सात वर्षे सांभाळले. प्रत्येक विहारात असा एखादा शुद्धोदन हवा.

त्या सायंकाळनंतर दोन-तीन रविवार गेले. विहारात तेच पोर भेटले. मी विचारले, "काय रे, बाबांचा फोन आला होता?" तो म्हणाला, "आलता. मी इचारलं, तुमी रातभर काय करता म्हून. ते म्हने, गेट उघडतो आन् लावतो. थंडीत शेकोटी करतो. तिथं एक कुत्रं हाय, ते माया बाबाच्या पायापाशीच निजते."

हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू बापाला पाहूनच आला. पैसे किती पाठवले, हे त्याने सांगितले नाही. त्याला ते ठाऊकही नसावे.

जय भीम.